आणखी एक दुरुस्ती

प्रिय ताई,

तू मला हजारदा बजावलंस, "घरबसल्या लोकांना चित्रं काढून देतेस ना, मग दुरुस्त्या किती करणार ते आधीच ठरवून घे. आणि कधीतरी नाही म्हणायला शीक!" मी कुठलं ऐकतेय!

या गिऱ्हाइकाला मी अजून पाहिलेलंही नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी त्याला एका बाईचा चेहरा हवा होता, कुठल्याही. मग निरोप सुरू झाले. नाक जरा बसकं करा. हनुवटीवर तीळ द्या. मी मुकाट्याने करत गेले. काल त्याने डाव्या भुवईत खोक मागितली, आणि ती काढताच मी ओळखलं. झोक्यावरून पडलीस तेव्हाची तुझीच खोक. स्क्रीनवरून तू माझ्याकडे बघत होतीस.

आज सकाळी त्याने लिहिलं, "आता अगदी तीच. फक्त डोळे मिटलेले हवेत."

ताई, डोकं चालायच्या आधी बोटं चालली. सवयीने कळवून बसले, "हो, लगेच करते."

चित्राला मी हातही लावलेला नाही, तुझी शपथ. तरी सकाळपासून तू फोन उचलत नाहीयेस.

हे पत्र पाठवत नाही. तू फक्त फोन उचल.

तुझी,
धाकटी