मफिन पंचवीस पौंडांत बसणार

११ जानेवारी, रविवार
डुलुथमध्ये एकवीस वर्षं लोकांच्या घरांत गालिचे बसवले. आता स्वतःचं घर, पहिलंच. निर्णय पक्का: काँडो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट. बर्फ उपसायला नको. बायकोला, लॉर्नाला, सांगितलं की तुझ्या गुडघ्यांसाठी. तिला टेकडीवरचं अंगणाचं घर हवं होतं, आमच्या कुत्रीसाठी, मफिनसाठी. म्हणाली, माझे गुडघे तुला आजच दिसले वाटतं, नॉर्ब? दोघांनी सह्या केल्या.

१२ जानेवारी
काँडोचे नियम आज वाचले. कुत्रं पंचवीस पौंडांच्या आतलंच चालेल. २७ फेब्रुवारीला मॅनेजरबाई स्वतः वजन करणार. सौद्यातून माघारीची मुदत २८. लॉर्नाला कशाला उगाच काळजी?
काट्यावर मी एकटा: २००. मफिनला उचलून: २३४. म्हणजे ती ३४. नऊ पौंड, सात आठवडे. किरकोळ काम. माझं वजन परत करायला नको. मी एकदा मोजलं की मोजलं.
लॉर्नाला म्हटलं, डॉक्टरांनी मफिनला डाएट सांगितलंय. ती म्हणाली, अगं बाई, बिचारी! मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. बूट बिननाडीचे होते.

१४ जानेवारी
अर्धी वाटी संपवून मफिन रिकामी वाटी तोंडात धरून माझ्यासमोर बसली. तीक्ष्ण कान हा शापच. टीव्ही चालू असून तिच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. मीटलोफचा एक तुकडा दिला. फक्त आज.

१५ जानेवारी
आजही. मांसात प्रोटीन असतं.

१ फेब्रुवारी
दोघं मिळून २२९. मफिन २९! पद्धत लागू पडली. पद्धत सोपी: माझं ताट तिला. ती तशी बघत असताना माझ्या घशाखाली नाहीतरी काही उतरत नाही.

१० फेब्रुवारी
एजंट डार्लीनचा फोन. टेकडीवरचं घर अजून गेलेलं नाही, विचार बदलला का? म्हटलं, नॉर्बचा विचार बदलत नसतो.
लॉर्ना म्हणाली, पँट घसरतेय तुझी. म्हटलं, पट्टा जुना झालाय.

२२ फेब्रुवारी
२२५! मफिन बरोब्बर पंचवीस. उचलताना कंबरेत चमक आली. वय झालं माझं.

२७ फेब्रुवारी
मॅनेजरबाईंच्या काट्यावर मफिन: ३८.
काटा बिघडलाय, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्हीच उभे राहा की. राहिलो. १८७.
घरी येऊन लॉर्नाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, नियम मी सहीच्या आधीच वाचले होते. कधी सांगतोस बघत होते. सात आठवडे लावलेस रे.
त्यापेक्षा भांडली असती तर बरं.

२८ फेब्रुवारी
मुदतीत माघार घेतली. अंगणाचं घर घ्यायचं माझ्या मनात पहिल्यापासून होतंच.

४ एप्रिल
टेकडीवर मुक्काम. एप्रिल लागला तरी बर्फ. दोन तास उपसला. मफिनला अंगणात सोडली, तर दोन पायऱ्यांतच धापा टाकत बसली.
डॉक्टरकडे नेली. त्यांनी तिला खरंच डाएट सांगितलं.
लॉर्नाला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.