गुडघ्यांचे खड्डे

रविवार, ता. ८ जून, दुपार

प्रिय ताईस,
सलाम.

तुम्ही सगळे खुशाल असाल. मीही बरा आहे. हे पत्र आधी कच्चे लिहिले, शब्दकोश घेऊन तपासले आणि आता पक्के उतरवतो आहे. हसू नकोस. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला एवढे करावेच लागते. दाराचे कुलूप तीनदा ओढून पाहतो म्हणून तू मला कुलूपराव म्हणायचीस ना? अजून पाहतो.

भावजींचे कार्ड परवा मिळाले. मुलगा झाला! दुकानात सगळ्यांना दाखवले. आमचे मालक, म्हणजे मास्तर, म्हणाले, "परत मामा झालास की! पोरगं तुझ्यासारखं घाबरट निघालं नाही म्हणजे मिळवली." कार्डावर तुझ्या हाताची एकही ओळ नाही, हे मी दोन्ही बाजू उलटून पाहिले. कारण मला ठाऊक आहे. तिकडे येतोच. आधी कामाचे सांगतो.

गेल्या महिन्यात एका चर्चमधून गुडघे टेकायच्या गाद्या दुरुस्तीला आल्या. चाळीस. प्रत्येक दोघांपुरती. मी मास्तरांना म्हणालो, हे काम दुसऱ्याला द्या, माझे तिकडे जमत नाही.

"भांडण देवाशी आहे ना तुझं? गादीनं काय घोडं मारलंय?"

मग काय, उसवायला बसलो.

तुला माहीत आहे, चार वर्षे मी कुठे कुठे फिरलो. श्वास मोजायला शिकलो, तर मोजणी चुकेल या भीतीने श्वासच अडकायचा. दहा दिवस मौन धरले. तोंड गप्प, पण डोक्यात एकच घोकणे : खोलीवरचा गॅस बंद केला होता का? त्या लोकांनी प्रेमाने जेवू घातले, त्यांच्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण जाईन तिथे मला वाटायचे, आधी मनाची शंभर टक्के खात्री होऊ दे, मग मान वाकवू. ती खात्री काही येईना.

जुने कापड काढले की आतल्या काथ्यात गुडघ्यांचे खड्डे दिसायचे, जोडीजोडीने. एका गादीत मात्र एकच खड्डा होता, अगदी उजव्या कडेला, चार बोटे खोल. बाकी सगळी गादी कोरी. म्हणजे कुणाचा तरी उजवा गुडघा वाकत नव्हता आणि ते माणूस इतकी वर्षे नुसत्या डाव्यावर टेकत होते. ताई, मी कात्री खाली ठेवली. मी दोन्ही गुडघे धड होईपर्यंत थांबलो होतो, आणि इथे कुणाचे तरी एकावर भागले होते.

आमच्या दुकानाचा नियम आहे : कारागीर ज्यावर स्वतः मिनिटभर बसला नाही, ते गिऱ्हाइकाकडे जायचे नाही. काथ्या हळूहळू दबतो, म्हणून मिनिट. या गाद्यांवर बसून कसे चालेल? टेकावेच लागले. साठ मोजताना मध्ये फोन वाजला की आकडा चुके, म्हणून सोयीसाठी प्रभूची प्रार्थना धरली. सावकाश दोनदा म्हटली की मिनिट भरते. घड्याळ लावून पाहिले. लहानपणी ती कोण आधी संपवतो अशी आपली शर्यत असायची आणि आमेनला आई दोघांच्या पाठीत धपाटा घालायची, आठवते?

पहिल्या दहाबारा गाद्यांना ती प्रार्थना नुसते घड्याळ होती. पुढे कधीतरी ती माझी झाली. कितव्या गादीला, ते मी मोजले नाही. मी! मोजले नाही!

मास्तर ओरडले, "अरे, गादी तपासतोयस की बिऱ्हाड थाटलंयस?"

उठलो तर डोळे ओले. म्हणालो, धूळ गेली.

"असेल, असेल. फार धूळ झालीये," म्हणाले आणि पंखा बंद केला.

आज सकाळी शेवटच्या गाद्या बसवायला गेलो. लोक उपासनेला येऊ लागले होते. काठी टेकत एक म्हातारी आली, ताठ पायाची. पूर्वी नर्स होती म्हणे. तिने डावा गुडघा टेकला आणि वळून माझ्याकडे पाहिले.

"माझा खड्डा कुठे गेला?"

"बुजवला, मावशी."

"कुणाला विचारून? अकरा वर्षं खपलेय मी त्याच्यासाठी!"

"आता परत पाडावा लागेल."

"मग उभा काय राहिलास? शेजारची जागा रिकामी आहे. लाग कामाला."

टेकलो. शेवटपर्यंत थांबलो. गाणी तर सगळी पाठ निघाली, ताई! मास्तर दाराशी हातोडी घेऊन उभे. बाहेर आल्यावर म्हणाले, "झाली तपासणी?"

म्हणालो, "झाली. टिकेल."

आता ते, कार्डावर तुझी ओळ का नाही ते. भाचीच्या बाप्तिस्म्याला मी तिचा धर्मबाप म्हणून उभा राहणार होतो. बस चुकली, असे तुला कळवले. बस चुकली नव्हती. मी चर्चसमोरच्या औषधांच्या दुकानात उभा होतो. तिला हातांवर घेऊन तू तीनदा दाराशी येऊन रस्ता पाहून गेलीस. पाळक विचारतील, विश्वास धरतोस का, आणि मला पुरते हो म्हणता येणार नाही, म्हणून मी आलो नाही. खोटे बोलायला नको म्हणून तुझ्याशी खोटे बोललो. मला माफ कर.

बाळाचा धर्मबाप ठरला असेल तर माझे काही म्हणणे नाही. मागच्या बाकावर बसेन आणि सगळ्यांत मोठ्याने आमेन म्हणेन. ठरला नसेल, तर मी आहे. विचारले तर हो म्हणेन. शंका अजून आहेत, त्यांना बरोबर घेऊनच टेकेन. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशीच येतो, म्हणजे बसचे नावच नको. भाचीला सांग, मामा तिच्यासाठी छोटी गादी शिवून आणतो आहे. पूर्ण मिनिटभर तपासलेली.

आपल्या घरची पत्रे कोणत्या शब्दांनी सुरू होतात, ते मी विसरलो नव्हतो. चार वर्षे त्यातला पहिला शब्द गाळत आलो आणि तू एकदाही बोलली नाहीस. या पत्राच्या वरही नुसते "सलाम" आहे. पक्के उतरवताना बदलणार होतो, पण तसेच राहू दिले. इतकी वाट चालून तो शब्द आत्ता हातात आला आहे, म्हणून इथे लिहितो.

प्रभूमध्ये सलाम.

तुझा भाऊ,
कुलूपराव