चार सीटची सायकल आणि माझे पाय

२७ डिसेंबर, सकाळी

आजपासून रोजनिशी. मोठ्या मोहिमेची नोंद हवीच. रॅनफर्ली गावच्या एका कुटुंबाकडून जुनी सायकल घेतली. एकाच सांगाड्यावर चार सीट, आठ पेडल. विकण्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही. सायकल आमच्या ट्रेलरवर चढली तेव्हा त्या घरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी बायको शोना म्हणते, ते आनंदाश्रू होते.

हेतू असा: आमची मुलगी टॅमसिन, म्हणजे टॅम, फेब्रुवारीत डनेडिनला युनिव्हर्सिटीत जाणार. त्याआधी आम्ही चौघांनी मिळून एक तरी गोष्ट करावी. आजवर चौघांनी मिळून केलेली एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे फ्लू.

२७ डिसेंबर, दुपारी

गावच्या हॉलच्या छपरासाठी पैसे जमवायला दर जानेवारीत कुटुंबांची सायकल दौड असते. चॅटो क्रीकहून टायगर हिलचा चढ चढून ओमाकाऊ गावापर्यंत. ज्या घरातला शेवटचा माणूस आधी पोचेल ते घर जिंकलं. गेली तीन वर्षं माझा मेव्हणा ग्रँट जिंकतोय. ख्रिसमसच्या जेवणात सगळ्यांसमोर त्याला सांगून टाकलंय की यंदा आम्ही. हरेल त्याने हॉलमधली भांडी घासायची. शोनाने मध्येच आपलं घुसडलं की हरलो तर पुढची सीट तिची. हरण्याचा प्रश्नच नसल्यामुळे मी हो म्हणालो.

२८ डिसेंबर

जागा ठरल्या. पुढे मी. पुढच्याला कॅप्टन म्हणतात. हा माझा शोध नाही, जगभर तसंच आहे. हँडल, ब्रेक, गिअर सगळं त्याच्याकडे. माझ्यामागे शोना, मग टॅम, शेवटी मुलगा आंगस (वय अकरा, शिस्त शून्य).

मुलांना यंत्र समजावलं. चारही जोड्या पेडल एकमेकींना चेननी बांधलेल्या. एकाचे पाय फिरले की सगळ्यांचे फिरणार, एकाचे थांबले की सगळ्यांचे अडणार. म्हणजे ऐतखाऊ माणसाला इथे जागा नाही. शोना उगाच माझ्याकडे बघत होती.

१ जानेवारी

संकल्प. बिअर बंद. पावलोवा, म्हणजे तो क्रीमचा गोड केक, बंद. रोज सकाळी सहाला व्यायाम. नाश्त्याला फक्त ओट्स.

(आज सुट्टी. उद्यापासून.)

४ जानेवारी

पहिला सराव. निघताना दोनदा पडलो. मी "निघा" म्हणाल्यावर निघायचं की "निघा" म्हणून झाल्यावर, यावर टॅमने वाद घातला. वकिलीलाच चालली आहे.

टायगर हिलला निम्म्यातून परत. चढ खरं तर आगगाडीचा, म्हणजे सौम्यच आहे. जुन्या रेल्वेचीच वाट ती. पण आगगाडीच्या मागे तीन माणसं बसून नावं ठेवत नव्हती. तक्रार अशी की चढावर मी पाय थांबवतो आणि त्यांचे गुडघे निखळतात. मी शांतपणे सांगितलं की चढावर कॅप्टनला विचार करावा लागतो आणि विचार करताना पाय हलवता येत नाहीत. आंगसने विचारलं, कसला विचार? लहान आहे.

९ जानेवारी

पुन्हा निम्म्यातून परत. शोना म्हणाली, एक फेरी मला पुढे बसू दे. नकार दिला. नेतृत्व असं चक्कर मारायला देता येत नाही. मग म्हणाली, मागे बसून तुझ्या पाठीशिवाय काही दिसत नाही. मी म्हणालो, भरवसा ठेव त्या पाठीवर. म्हणाली, वीस वर्षं ठेवलाय, म्हणूनच म्हणतेय.

भांडण वाढलं. टॅम म्हणाली, नको ही दौड, मी लवकरच डनेडिनला जाते. हे मनाला लागलं. रात्रभर कूस बदलत होतो. शोना म्हणते घोरत होतो.

१२ जानेवारी, संध्याकाळी

दिवसभर अलेक्झांड्रा गावात. गिऱ्हाइकाच्या द्राक्षमळ्यावर पंप बसवला. घरी आलो तर शोना आणि टॅम गॅरेजमध्ये, हातात पाना, कोपरापर्यंत काळ्या. म्हणे, तेल घालतोय. मदतीला वाकलो तर दोघींनी हाकलून दिलं. बायकामुलींना यंत्राची गोडी लागली. माणूस पुढे नीट उभा राहिला की मागचे आपोआप शिकतात.

१३ जानेवारी, सकाळी आठ

चमत्कार! टायगर हिल पार. एका दमात!

पाय अगदी पिसासारखे. ओट्सचा गुण. (व्यायामाचाही. बारापैकी एक दिवस केला होता.) माझा वेग इतका की मागच्यांचं एक चक्कर होईतो माझी दोन होत होती. मागे वळून ओरडलो, जोर लावा जरा, मी एकट्याने किती ओढायचं? आंगसला ठसका लागला.

आणखी एक. चढावर विचारासाठी पाय थांबवले तरी सायकल चालतच राहिली. म्हणजे जोर मी आधीच एवढा लावून ठेवतो की तो पुरून उरतो. कोणाची तक्रार नाही. घरात शांतता.

१८ जानेवारी

रोज चढतोय. पोटऱ्या दुखत नाहीत, घाम नाही. बाकीचे तिघे मात्र लालबुंद होऊन गवतावर आडवे होतात. काळजी वाटते. त्यांना ओट्स सुचवले. टॅमने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो आदरच असावा.

शरीर एवढं तयार झाल्यावर बिअरला हरकत नाही. पावलोवाचे दोनच तुकडे. नंतर तिसरा, कारण तो उरला होता.

ग्रँटला दुकानात गाठून चढावर श्वास कसा घ्यावा ते वीस मिनिटं समजावलं. शोना माझी बाही ओढत होती.

२४ जानेवारी, दुपारी चार

क्रमाने लिहितो.

समोरून वायव्येचा वारा, डोळ्यांत धूळ. ग्रँटच्या घरचे चौघे चार सायकलींवर. चढावर त्याची धाकटी उतरून चालायला लागली. आम्ही त्यांच्या शेजारून गेलो तेव्हा मी एक हात सोडून टोपी काढली. मागून टॅमच्या श्वासाचा आवाज भात्यासारखा येत होता. मी म्हणालो, घाबरू नकोस पोरी, मी आहे. चार मिनिटांनी जिंकलो.

हॉलमध्ये चहा, स्कोन (छोटे गोडसर पाव). मी खुर्चीवर चढून दोन शब्द बोललो. तीन माणसं पाठीवर घेऊन चढ चढणं म्हणजे काय, हे सांगितलं. लोक ऐकत होते. तेवढ्यात सायकली दुरुस्त करणारा म्हातारा वॅटी कप घेऊन आमच्या सायकलीपाशी उकिडवा बसला आणि दारातून ओरडला, लेस्टर, अरे तुझ्या पेडलची चेन कुठाय?

मी म्हणालो, असेल की तिथेच.

शोनाने पिशवीतून चहाच्या फडक्यात गुंडाळलेली चेन काढली आणि टेबलावर स्कोनशेजारी ठेवली. म्हणाली, बारा तारखेपासून माझ्याकडे आहे.

आधी कोणी हसलं नाही. मग सगळे हसले. ग्रँटला बाहेर जाऊन भिंतीला टेकावं लागलं. मी अजून खुर्चीवरच होतो. नियमात कॅप्टनने पेडल मारलंच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून निकाल आमच्याच बाजूने.

भांडी ग्रँटने घासायची होती. मी घासली. कोणी सांगितलं नव्हतं.

२५ जानेवारी

मुद्दे. एक, दिशा कोणी दिली? दोन, ब्रेक कोणाच्या हातात होते? तीन, मी खाली उतरलो असतो तर सायकल सरळ नदीत.

शोनाला हे तीन मुद्दे सांगितले. तिने तिन्ही मान्य केले. त्याने जास्तच वाईट वाटलं.

दुपारी टॅम येऊन पायरीवर बसली. म्हणाली, डॅड, तू पाय थांबवलेस की आमची हाडं खिळखिळी व्हायची. मॉम म्हणाली, एकतर याला उतरवायचं नाहीतर याची चेन काढायची. तुला उतरवायला कोणीच तयार नव्हतं. मग दोघांनी मिळून समोरच्या कुरणातल्या मेंढ्या मोजल्या.

१४ फेब्रुवारी

टॅमला डनेडिनला सोडलं. तिची सगळ्यात जड खोकी मीच उचलली. खरोखर उचलली.  

२२ फेब्रुवारी, दुपारी

चेन स्वतः बसवली. नवा अध्याय. तिघे निघालो, तिसरी सीट रिकामी. आज मी पाय एकदाही थांबवले नाहीत. शपथेवर लिहितो. घाम गाळला, दात आवळले. टायगर हिलच्या पहिल्याच वळणावर सायकल उभी राहिली. उतरून ढकलली.

मी म्हणालो, म्हणजे चढ मी चढवत नव्हतो. शोना धापा टाकत म्हणाली, मीही नव्हते. मग दोघांनी त्या रिकाम्या सीटकडे पाहिलं. पोरगी तिघांना ओढत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती.

घरी येऊन तिला मेसेज केला. चेन लावली आहे. मी आता थांबत नाही. ईस्टरला येशील का?

उत्तर लगेच आलं. येते. चेन काढून ठेव.

संध्याकाळी काढली. तेल लावून फडक्यात गुंडाळून शोनाच्या पिशवीत ठेवली. ईस्टरला अजून सहा आठवडे आहेत.