एकटीला ताप आला नाही

प्रिय सरकार,

दवाखान्यात सगळे तुला सिस्टर म्हणतात. मला एकट्यालाच तशी सोय नाही, म्हणून हे घरचं नाव. रात्रपाळीहून येशील तेव्हा हे टेबलावर दिसेल आणि एका घरात राहून पत्र कसलं लिहितो हा माणूस, म्हणून हसशील. हस. पण तुझ्या वॉर्डाबद्दल बोलायचंय, आणि समोर बोलायला गेलं की तू मला दोन वाक्यांत गुंडाळून ठेवतेस. साथीच्या वॉर्डातून बदली मागून घे म्हटलं की तुझं उत्तर ठरलेलं, लस घेतलीय, आता मला काय धाड भरलीय. कागदाला तरी तुला मध्येच तोडता येणार नाही.

मी लॅबमधला माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या हातातून रक्त काढतो आणि स्वतःला सुई म्हटली की पळवाटा शोधतो. लस आली तेव्हा मी काय काय सबबी काढल्या! आधी सर्दी, मग कामाचा ढीग, मग तुझ्या मावशीच्या शेजाऱ्याचा हात सुजल्याची बातमी. तू वाद घातला नाहीस. सरळ लॅबमध्ये आलीस, सगळ्यांदेखत बाही वर करा म्हणालीस, आणि मी मुकाट डोळे मिटले. रात्री हुडहुडी भरली, दंड दगडासारखा झाला. मी आता मरतो असं कण्हत होतो, तर म्हणालीस की मरणारी माणसं इतकी बडबड करत नाहीत. तरी पहाटेपर्यंत उशाशी बसून होतीस. पुढे माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी, ज्यानं लस टाळली होती, तो ऑक्सिजनवर गेला. लागण मलाही झाली, पण सर्दी आणि थोडी कणकण, यावर निभावलं. लस म्हणजे चिलखत नव्हे. आजार दारातून आत येतो, पण ठाण मांडून बसत नाही, हे मी स्वतःच्या अंगावर पाहिलं. आणि ते तुझ्यामुळे.

तुमच्या वॉर्डाची ती गंमत आठवते ना? मेट्रनबाईंनी उत्साहाच्या भरात सगळ्या नर्सना दुसरा डोस एकाच दिवशी दिला. पाळीपाळीनं द्यायचं भान त्यांना दुसऱ्या दिवशी आलं. कुणी तापानं फणफणलेली, कुणाचं डोकं ठणकतंय, आणि मेट्रनबाई बाह्या सरसावून स्वतः चादरी बदलतायत. धडधाकट उभी होतीस ती तू एकटी. ना ताप, ना कणकण, दंडसुद्धा दुखला नाही. तीन जणींचं काम रेटून घरी आलीस, संधिवाताची गोळी घेतलीस आणि आपलं हाड काटक, म्हणून मिरवलंस. तुला नुसतं पाणीच दिलं की काय, असं मी चिडवलं, तर उशी फेकून मारलीस. मीही हसलो. पण ते माझ्या मनातून गेलं नाही. ताप आला नाही म्हणजे लस लागू पडली नाही, असं मुळीच नसतं. ज्यांना काही म्हणता काही झालं नाही अशा कितीतरी जणांचे रिपोर्ट उत्तम आलेत. तेच घोकत मी मनाची समजूत घालत होतो.

तू तिथे कशी वागतेस ते मला इतरांकडून कळतं. मास्कमधून नीट ऐकू जात नाही म्हणून पेशंटच्या कानाशी वाकून बोलतेस. परवा एका आजोबांना भरवत होतीस, ते तुझ्या अंगावर खोकत राहिले, तरी शेवटचा घास जाईपर्यंत हलली नाहीस. हे ऐकून मला अभिमान वाटायला हवा होता. मला राग आला, आणि मग भीती वाटली. खरं सांगतो, तू नसलीस की मला या घरात मिठाचा डबासुद्धा सापडत नाही.

लशीनं किती ताकद आली ते पाहायला गेल्या आठवड्यात सगळ्या कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. तुझा नमुना मी मुद्दाम दुसऱ्याच्या हाती दिला, आणि राहवलं नाही म्हणून मग काल स्वतः पुन्हा लावला. सरकार, तुझ्या रक्तात लशीचा मागमूससुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, तुझ्या सांध्यांच्या गोळ्या अंगाची प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात, त्यामुळे असं होतं. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. त्या आणखी एक डोस देऊन बघणार आहेत, आणि तोवर तू त्या वॉर्डात पाऊल टाकायचं नाहीस. हे त्याच तुला सांगणार होत्या, मी म्हटलं, मी सांगतो. आणि अख्ख्या दवाखान्याचे रिपोर्ट हातावेगळे करणाऱ्या माझी तुझ्यासमोर जीभ उचलली नाही. तू दिलेली लस मला लागू पडावी आणि तुझी तुलाच पडू नये, हा कुठला न्याय? आज मी कामावर गेलेलो नाही. आतल्या खोलीत पडलोय. झोपलोय असं वाटेल, पण जागा आहे. चिडायचं तर चीड, रडायचं तर रड, पण आत येऊन.

तुझाच,
अहो