नारळाच्या वाटीसारखी

आचरा,
फाल्गुन, १९६४

चि. मधूस सुगंधाताईचे अनेक आशीर्वाद.

तू, जानकी आणि मुले खुशाल असाल. आमच्याकडे माणसे बरी आहेत. आजारी आहे ती जमीन. पडवीला ढाळ आला असा तुझ्या भावजींनी निकाल दिला असून, सारवणारी म्हणून आरोपी मी आहे. पडवी उजव्या अंगाला उतरली म्हणतात. मी माती घालून उजवी बाजू उचलली. तर परत येताना म्हणतात, आता ह्या अंगाला उतरली. हे अंगही उजवेच. म्हणजे माणूस जिकडे तोंड करील त्याच्या उजव्या हाताला उतरणारी जमीन मी सारवली आहे. (सरकारने माझा सत्कार करावा.) परवा तुझे भावजी विमलाकाकीकडे दत्ताच्या आरतीला गेले, तर तिचे अंगणही उतरलेले निघाले. तिथे मात्र आरोपी काकी नाही, तिथे पाऊस.

तुला सांगायला नको, पण सांगते. बोटीवरच्या नोकरीत पडून त्यांचा उजवा खुबा निकामी झाला, तेव्हा इंग्लंडात त्यांना पोलादाचा गोळा आणि त्यावर प्लास्टिकची गुळगुळीत वाटी बसवली. घरी आले तेव्हा अख्खा गाव बघायला लोटला. वाटी आत आहे, दिसणार नाही, असे सांगून माझा घसा बसला. तुळसामावशीने तर, इतक्या लांबून आणलीत ती जोडीने का नाही आणलीत, असे विचारले. मग देवळात गाऱ्हाणे झाले. गाऱ्हाणे घालायला गंगाराम. आवाज असा की देव झोपला असेल तर जागा व्हावा. म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या दत्तारामाची इलायती वाटी नारळाच्या वाटयेसारखी घट्ट ऱ्हवांदे रे म्हाराजा!" (नाव त्याने घेतले, मी नव्हे.) सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." मीही म्हणाले.

आता तूच सांग, आपल्या घरात नारळाच्या वाटीचे काय होते? रोज सकाळी मी खवणीवर बसते आणि ती खवून झिजवते. देवाने अगदी शब्दशः ऐकले.

गणपतीत तू आलास तेव्हा मागीलदारी मला म्हणालास, की तुमच्या इस्पितळात बोलतात, ते गुळगुळीत प्लास्टिक फार लवकर झिजते आहे, तिकडच्या डॉक्टरांनीच ते सोडून दुसरे टणक प्लास्टिक घेतले आहे. मी तेव्हा हसण्यावारी नेले. पण मधू, लग्नाबिग्नाला ते विलायती विजार घालतात ना, तिचा उजवा पाय जमिनीला घासू लागला. विजार काही वाढत नाही. मी गुपचूप ती बाजू बोटभर वर घेऊन शिवली. पुढच्या लग्नाला पुन्हा घासली. पुन्हा शिवली. रात्री कूस बदलताना दात आवळतात तो आवाज मला येतो. विचारले तर उंदीर म्हणतात. खोबरे खवताना काळी करवंटी दिसू लागली की आपला हात थांबतो. खुब्यात कोणाला दिसणार?

शेवटी मी सरळ म्हणाले, जमीन राहू दे, मुंबईला मधूकडे जाऊन खुब्याचा फोटो काढून घेऊ. रागावतील असे वाटले होते. रागावले नाहीत. विजारीची शिवण अंगठ्याने चाचपत बसले, आणि म्हणाले, "तो इलायती डाक्टर माझ्या खाटयेर येवन बसलो होतो गो. तोच माका म्हणालो, ही वाटी तुका जलमभर पुरात. तेका खोटो कसो पाडू?"

मी वाद न घालता उठले. (तारीख लिहून ठेव.) नवे गाऱ्हाणे घालावे म्हणून घरात न झिजणारी एखादी वस्तू शोधली. पाटा गुळगुळीत होऊन त्याला टाकी लावून झाली आहे, उंबरा मध्ये खोलगट झाला आहे, खवणीचे दातसुद्धा बोथट. कोणाचे नाव घेऊन मागू?

बाकी क्षेम. मुलांना पापा.

तुझी,
सुगंधाताई

ता. क. तुझ्या खोलीची जमीन कलली आहे. कललेली नसेल तरी तसे लिही. भावजींशिवाय कोणाच्या नजरेला ढाळ कळणार नाही, त्यांनी पावसाआधी येऊन बघावे, असे लिही. लगेच निघतील. मग तुमच्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांकडून त्यांना एवढेच सांगव, की विलायतेतला तो डॉक्टर खोटे बोलला नव्हता, त्याला तेव्हा ठाऊक नव्हते. आणि आता तो स्वतःच वाटी बदलून घ्या म्हणतो आहे. मात्र हे उभ्याने सांगू नये म्हणावे. खाटेवर बसून सांगावे.

दुसरा ता. क. त्या गाऱ्हाण्याच्या वेळी आमचा नारळ नासका निघाला होता आणि गंगारामाने आपल्या घरचा फोडला होता. तो परत करायचा आधी विसरले, पुढे जमीन उतरू लागल्यावर मुद्दाम दिला नाही. आज पाकीट आणायला जाताना कानाशी हलवून, पाणी भरपूर वाजेल असा एक घेतला. गंगाराम देवळात गेला होता. हाक न मारता त्याच्या ओट्यावर ठेवून आले.