हळद लागलेला सेंटर फॉरवर्ड

श्रीगोंदा,
माघ सरता सरता, १९७२

रा. रा. राधाकृष्णराव यांसी,

श्रीगोंद्याहून मच्छिंद्राचा मनापासून रामराम. इकडे सगळी मंडळी खुशाल आहेत, परवा व्यालेली गायसुद्धा खुशाल आहे. तिकडे आपली, विहीणबाई भागूबाईंची, चि. सौ. कां. चांगुणेची आणि चि. आसारामची तब्येत कशी आहे ते सवडीने कळवावे. आसारामच्या गुडघ्याचे सवड नसली तरी कळवावे. (गेल्या सामन्यात तुमच्या संघाचा गोल राखताना झेप घेऊन पोरगा गुडघ्यावर पडला असे ऐकले. व्याही म्हणून काळजीने विचारतो, दुसरा काही हेतू नाही.)

तुमचे पत्र पोचले. तुमच्या विष्णुपंत जोशांनी काढलेला लग्नाचा मुहूर्त वाचला आणि मी ओट्यावर मटकन बसलो. आमची बनुताई, म्हणजे श्रीमंतची आई आणि माझी थोरली बहीण, गहू पाखडत होती. तिने सूप खाली टाकून विचारले, "कोन गेलं रं?" म्हटले, कोणी गेले नाही, तुझ्या लेकाच्या लग्नाची तारीख आली. "मग रडतूस का?" आता हिला काय सांगू? राधाकृष्णराव, तुम्ही लग्नाला जो गुरुवार काढलाय, त्याच गुरुवारी नगरला आपला शेवटचा सामना आहे! आणि नवरदेव आमचा सेंटर फॉरवर्ड!

तुम्ही राहाता युनियन फुटबॉल क्लबचे अध्यक्ष, तेव्हा तुम्हाला सगळे ठाऊकच आहे. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला घास गोड लागत नाही. जिल्ह्याच्या ब गटातून एकच संघ वर अ गटात जाणार. शर्यतीत उरले दोघे, आमचा जय बजरंग आणि तुमचा युनियन (ज्याच्याविषयी सोयरीक जमल्यापासून मी एक वावगा शब्द तोंडाबाहेर काढलेला नाही, पोटात काय आहे ते पोटात). तुम्हाला नुसती बरोबरी पुरते. आम्हाला जिंकावेच लागते. अ गटात गेले की पुढल्या साली कॅन्टोन्मेंटातल्या पलटणींच्या संघांशी खेळायचे, आणि तेही जाळी लावलेल्या गोलात. आमच्या मैदानावर गोलाला दोन बाभळीचे वासे आहेत आणि मागे ऊस. चेंडू आत गेला की थेट उसात, आणि तो सापडेपर्यंत गोल झाला होता की नव्हता यावर गावात दोन पार्ट्या पडतात. मला डोळे मिटायच्या आत आमचा चेंडू जाळीत अडकून थरथरताना एकदा बघायचाय. हसू नका. कोणाला काशी बघायची असते, मला ते बघायचेय.

आमचे चान्स किती याचे वजन रोज संध्याकाळी छगनच्या हॉटेलात होते. छगनचे मत पहिल्या दिवसापासून एकच, आपण हरणार. (त्यात त्याचे हित आहे. जिंकल्यावर माणसे गुलाल उधळत गावातून फिरतात, हरल्यावर बाकड्यावर बसून चहा पितात.) दुसरा सहादेव. हा बैलांचा व्यापारी, घोडेगावचा एक बाजार चुकवत नाही, आणि जगात जे जे पायांवर उभे आहे त्याकडे तो एकाच नजरेने बघतो. आमच्या खेळाडूंना त्याने एकदा ओळीने पळवले, पोटऱ्या दाबल्या, एकाचे तर दातही बघितले. मग म्हणाला, "लेफ्ट आउट दिसायला देखना हाय, पन खांद्याला कच्चा. फुलबॅक वढाळ हाय, जागंवर ऱ्हात न्हाई. जू घेनारा यकच, शिरमंत. त्यो असला तर बाजार आपला. नसला तर बाकीचे दावनीलाच बांधा." माणूस तोंडाचा फटकळ, पण खोटे बोलत नाही. तिसरे आमचे नृसिंह गुरुजी. शाळेत गणित शिकवतात आणि गावाला पंचांग सांगतात. त्यांचे म्हणणे, खेळाडू कसेही असोत, वेळ साधली पाहिजे. आणि इथेच माझे डोके फिरले.

झाले असे की शेवटच्या सामन्याची तारीख ठरवायला नगरला बैठक बोलावली होती. तेव्हा तुमचे मुहूर्ताचे पत्र यायचे होते. मी गुरुजींना गाठून म्हटले, जय मिळेल असा उत्तमातला उत्तम दिवस काढा. त्यांनी चष्मा पुसत पुसत पंचांग उलथेपालथे केले आणि फाल्गुनातल्या या गुरुवारावर बोट ठेवले. म्हणाले, असा योग वर्षात नाही, या दिवशी दगड पेरला तरी उगवेल. मी खूश! बैठकीत तुमचे सेक्रेटरी फाटे फोडणार हे धरून मी भांडायच्या तयारीने चार घास जास्त खाऊन एस.टी.त बसलो. तर मी तोंड उघडायच्या आत तुमचा माणूसच उठून म्हणाला, सामना फाल्गुनातल्या गुरुवारी ठेवा. मी ताडकन अनुमोदन दिले. बैठक संपली! नगर जिल्ह्यात एवढे एकमत आजवर उसाच्या भावावरसुद्धा झालेले नाही. येताना मी एस.टी.त शेजारच्या अनोळखी माणसाला पेढा दिला आणि म्हटले, राहात्याची माणसे फार मऊ आहेत हो.

मऊ कसली! विष्णुपंतांनी तुमच्या क्लबालाही तोच दिवस काढून दिला होता, हे आता कळतेय. दोन्ही संघ एकाच शुभ मुहूर्तावर उतरले तर देवाने करायचे काय? आणि जो दिवस जिंकायला इतका चांगला, तो लग्नाला वाईट कसा असेल, हे ना तुमच्या डोक्यात आले ना माझ्या. गुरुजींना जाब विचारला तर ते माझ्यावरच उखडले. "तुम्ही उत्तम दिवस मागितलात, मी उत्तम दिवस दिला. पंचांगात फुटबॉलचं वेगळं पान नसतं!"

आता त्या गुरुवारी अख्ख्या जिल्ह्यात मांडव पडलेत. आमचा राइट हाफ सनई वाजवतो, त्याला सुपारी. आमचा गोली ट्रक चालवतो, तो ट्रक वऱ्हाडाला. (कोणाच्या वऱ्हाडाला? आपल्याच! आणि सनई? तीही आपलीच! मीच ठरवली हो दोन्ही, तारीख यायच्या आधीच, 'निघेल त्या मुहूर्ताला' म्हणून, मोठ्या हौसेने.) तारीख बदला म्हणून नगरच्या साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, तुम्हीच मागितलीत ना? जागा हवी तर बदला, दोन्ही क्लबांनी मिळून लिहून द्या. तारीख हलणार नाही. आणि तुमच्या दारचा मुहूर्त हलवा असे म्हणायची माझी छाती नाही. विहीणबाईंनी पत्रिका छापायला टाकल्या असतील.

शेवटी मी मनाशी म्हटले, एकाच दिवशी दोन्ही उरकता येईल का ते तरी बघू. लग्न गोरज मुहूर्तावर, म्हणजे दुपार मोकळी. पण बनुताई आडवी आली. हळद लागलेला नवरा जानवसा सोडून भटकत नाही, त्याच्या हातातली कट्यार खाली ठेवत नाहीत आणि कपाळाच्या मुंडावळ्या उतरवत नाहीत. मी म्हटले, ताई, कट्यार घेऊन कोणता रेफ्री याला खेळू देईल? ती म्हणाली, "मग रेफरीलाच लगीन कर म्हनावं." तोड गुरुजींनी काढली. कट्यारीच्या टोकाचे लिंबू नवरदेवाने मोज्यात खोचावे आणि कट्यार करवलीने घेऊन मैदानाच्या कडेने त्याच्याबरोबर पळावे, म्हणजे कट्यार जवळच राहिली. ताई थोडी निवळली. मुंडावळ्यांवर मात्र ती अडून बसली, त्या हव्यातच.

म्हणून काल आम्ही आमच्याच राखीव पोरांशी रंगीत तालीम केली. श्रीमंतला मुंडावळ्या बांधल्या, मोज्यात लिंबू घातले. त्याची धाकटी बहीण लंका करवली म्हणून खरीखुरी कट्यार घेऊन पदर खोचून कडेला उभी राहिली. सुरुवातीला झकास चालले होते. मग डावीकडून उंच चेंडू आला, श्रीमंत उडाला, डोके मारले, आणि चेंडूचे तोंड आवळलेल्या चामडी वादीत मुंडावळी अडकली! चेंडू कपाळाला लोंबकळतोय, पोराला पुढचे दिसत नाही, पण थांबायचे त्याच्या रक्तात नाही, तो तसाच धावत सुटला. राखीव पोरांचा दांडगा फुलबॅक त्याला अडवायला निघाला, तर कडेने लंका कट्यार घेऊन "दादाऽऽ" करीत येताना दिसली. फुलबॅक जो उसात शिरला तो दिवेलागणीला घरी आला. श्रीमंत चेंडूसकट गोलात. गोल झाला की नाही यावर छगनच्या हॉटेलात अजून भांडण चालू आहे. सहादेव म्हणतो, "गाडी बैलाला जुपल्याली हाय. बैल गोठ्यात गेला म्हंजे गाडी बी गेली. गोल झाला." पण ते सोडा. तालीम बघून एक गोष्ट पक्की झाली, कपाळाला चेंडू लोंबकळत असतानाही त्या पोराला अडवायला कोणी नव्हता. तो उतरला तर आम्ही जिंकतो, नाही उतरला तर छगनचा चहा पितो.

असो. फुटबॉलचे पुराण फार झाले. हे पत्र केवळ मुहूर्त मान्य असल्याचे कळवण्यासाठी लिहिले आहे. आमची कसलीच अडचण नाही, कसलीच मागणी नाही. वऱ्हाड वेळेवर येईल. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि माझ्या हातून काही अधिक-उणे लिहिले गेले असेल तर नव्या सोयऱ्याचे म्हणून पोटात घालावे.

आपला,
मच्छिंद्र
(सेक्रेटरी, जय बजरंग फुटबॉल क्लब, आणि मुलाचा मामा)

ता. क. अडचण नाही, पण एक सुचले म्हणून लिहितो. आमचा जानवसा तुम्ही शाळेत ठेवलाय. शाळेचे मैदान म्हणजे जानवशाचे अंगणच झाले की नाही? हळद लागलेला नवरा अंगणात चार पावले फिरला तर कोणते शास्त्र मोडते? सामना नगरऐवजी तिथेच, दुपारी ठेवावा. आमचे खेळाडू वऱ्हाडात येणारच आहेत, तुमचे मांडवात असणारच आहेत, सनईही तिथेच आहे. आपण अध्यक्ष या नात्याने सोबतच्या कागदावर सही करावी. माझी सही आधीच केलेली आहे. (तुम्ही म्हणाल, याला सेंटर फॉरवर्ड आणून देऊन मी माझ्याच पायावर धोंडा का पाडून घेऊ? खरे आहे. पण तुमचा संघ एका मुंडावळ्यावाल्याला घाबरला, असे उद्या लोक म्हणाले तर मला व्याही म्हणून वाईट वाटेल. आणि एक मेहेरबानी करा, गोलांना जाळी लावा. मांडवाच्या खर्चात ती कुठे दिसायची?)

ता. क. दुसरा. हे बनुताईच्या कानावर जाऊ देऊ नये. देण्याघेण्यात तुमच्याकडून सायकल आणि घड्याळ ठरलेय. लग्नात जावई रुसतो आणि काही मागतो, ही आपल्याकडची रीत. तर मुलाचा मामा म्हणून मी आताच रुसून घेतो. सायकल माफ, घड्याळ माफ. चि. आसाराम संध्याकाळी बहिणीचा भाऊ म्हणून जावयाचा कान पिळणारच आहे, मानही घेणारच आहे. त्याने दुपारी फक्त एकदा, एकदाच, भलत्या बाजूला झेप घ्यावी. घरातल्या घरातली गोष्ट आहे. कोणाला कळणार?

ता. क. तिसरा. वरचा दुसरा ता. क. रद्द समजावा. पत्र पाकिटात घालताना श्रीमंतने बघितले आणि हिसकून घेऊन वाचले. माझ्यावर असा तापला की आयुष्यात पहिल्यांदा मी भाच्यापुढे खाली बघितले. म्हणाला, "मामा, सायकल सोडायची न्हाई. गोल माजा मी मारतो. तुमी कशापायी भीक मागताय?" माझे डोळे भरून आले हो. मी म्हटले, पण पोरा, आसारामसारखा गोली ब गटात दुसरा नाही. तर हा गालात हसला आणि सांगून गेला की साखरपुड्याला पाण्याचा तांब्या देताना चांगुणेने हळूच सांगितलेय, आपला भाऊ कुठल्या बाजूला कच्चा आहे ते. राधाकृष्णराव, लेक परक्याचे धन म्हणतात. तुमचे धन अक्षता पडायच्या आधीच आमच्या घरी पोचले! पोरीला रागावू नका, तिने सासरचेच बघितले. कुठली बाजू ते श्रीमंत मला मात्र काही केल्या सांगत नाही. म्हणतो, "तुमाला सांगितलं की तुमी पत्रात लिवनार."