खडूच्या रिंगणाबाहेर

अण्णा, लातूरच्या डॉक्टरांनी दिलेल्या फॉर्ममुळे हे लिहावं लागतंय. मी लहानपणी कशी होते, असं त्यात विचारलंय, आणि उत्तर शक्यतो आई-वडिलांनी द्यावं म्हणतात. माझं वय सदुसष्ट. तुम्हाला जाऊन एकतीस वर्षं झाली. आता कुणाला विचारू?

नऊ वर्षांच्या नातीला एडीएचडी निघाला. चित्त एका जागी ठरत नाही, हातपाय थांबत नाहीत. मुलगा डॉक्टरांसमोर म्हणाला, आमच्या घरात असलं कुणालाच नाही. पोरगी मान खाली घालून बसली, जणू दुसऱ्याच्या घरातलं काही उचलून आणलंय. मी म्हटलं, "हाय. माझ्यात हाय. लिहून घ्या." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी मलाही एक फॉर्म दिला.

तुम्ही मास्तर. निलंग्याच्या घरी स्वयंपाकघरात पाट मांडायचात आणि त्याभोवती खडूनं रिंगण ओढायचात. शुद्धलेखनाच्या दहा ओळी होण्याआधी पाऊल बाहेर पडलं की पुन्हा पहिल्यापासून. "बूड टेकत न्हाई पोरीचं. काय व्हायचं हिचं?" मी सहाव्या ओळीला उठते, कारण चुलीवर दूध वर येतंय, दारात कुणी हाक मारतंय आणि आई पाण्याला गेलीय. तुम्हाला यातलं काहीच ऐकू येत नाही. मला सगळं येतं. एवढाच माझा गुन्हा.

काय झालं ते सांगते. नांदेडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले. कानाला हेडफोन, समोर बारीक दिव्यांची भिंत. दिवा लागला की त्याच्या भोकात दोरी खुपसायची आणि गावाला गाव जोडायचं. जळकोटकडे वऱ्हाडाची गाडी उलटली त्या दुपारी सगळे दिवे एकदम लागले. शेजारच्या दोघी रडायला लागल्या. माझं डोकं मात्र तेव्हाच निवळलं. दवाखाना, मुदखेडचे सोयरे, रक्त द्यायला निघालेली माणसं, सगळे मी एकटीनं लाइनवर धरले. कोण कुठं ताटकळलंय, एकालाही विसरले नाही. सुपरवायझर म्हणाले, "ओ बाई, कान किती हायेत तुम्हाला?"

"दोनच. पण एका जागी बसत न्हाईत."

चाव्या हरवतात, डाळ करपते; लपवत नाही. पण हे डोकं देऊन दुसरं घ्या म्हणाल, तर घेणार नाही. नातीलाही हेच सांगितलं, तिच्या बापादेखत. ती म्हणाली, आज्जी, मग तू मला का रागावतेस?

खरं आहे. मागच्या महिन्यापर्यंत मीही तिला 'बूड टेक' म्हणत होते, अण्णा. तुमच्याच आवाजात.

आज सकाळी दवाखान्याच्या खिडकीत दिलं ते असं: फॉर्म दोन, एक नातीचा, एक माझा. तुमच्या पेटीत सापडलेल्या माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकाची झेरॉक्स, एक. माझ्या फॉर्मवर वडिलांच्या सहीच्या जागी लिहिलं, हयात नाहीत. हे पत्र दिलेलं नाही.